कोरियन वैद्यकाप्रमाणे वजन उतरवताना: कशानंतर काय, आणि नेमकं कुठे चुकतं

मी दक्षिण कोरियातल्या सुवॉनमध्ये राहते. दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून नाहीतर नाशिकहून कुणाचा तरी फोन येतो : "तिथल्या बायका बारीक राहायला जे काही पितात, ते पाठव ना." प्रत्येकाला काढा हवा असतो. जेवणाबद्दल कुणीच विचारत नाही.

कोरियन वैद्यकात क्रम बरोबर याच्या उलट आहे. आधी संध्याकाळचं जेवण, मग पचन, मग ताटातलं प्रमाण, मग अंगावरची सूज. काढा सगळ्यात शेवटी, आणि तोही सगळ्यांना नाही. आपण शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतो, महिनाभरात तीन-चार किलो उतरवतो आणि पुढच्या तीन महिन्यांत पाच किलो चढवून बसतो. मीही आधी तेच केलं होतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. वजन उतरतं ते पोटात कमी गेल्यामुळेच, आणि याला कोरियन वैद्यकही अपवाद नाही. या पद्धतीचा उपयोग इतकाच की कमी खाणं अंगाला सोसेल अशी घडी ती आधी बसवून देते.

## सुरू करण्याआधी

बीएमआय काढा : किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. कोरियात २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आपल्याकडेही हेच आकडे वापरतात. १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसासाठी २५ म्हणजे ६४ किलो. कमरेचा घेर कोरियात पुरुषांना ९० आणि बायकांना ८५ सेंटीमीटरपर्यंत चालतो, भारतात बायकांसाठी मर्यादा ८० आहे. तुमचा बीएमआय २३ च्या खाली असेल तर पुढचं वाचा, पण वजनासाठी करू नका.

थांबा : गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, वय अठराच्या आत असेल किंवा खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही टप्पा करू नका. वजन अचानक वाढलं असेल तर आधी थायरॉइड तपासून घ्या.

## टप्पा १ : सात दिवस काही बदलू नका, फक्त लिहा

हानिवॉन म्हणजे कोरियन वैद्याचा दवाखाना. तिथे वजन आणि चरबी मोजतातच, पण हानिसा, म्हणजे तिथले वैद्य, बोलायला लागले की शौचापासून सुरुवात करतात. रोज होते का? घट्ट की सैल? मग घाम किती येतो, तहान लागते का, पाणी गार लागतं की कोमट, झोप कशी आहे, हातपाय गार पडतात का. जीभ बाहेर काढायला लावतात आणि कडेला दातांचे ठसे उमटलेत का, वर पांढरा थर जाड आहे का ते बघतात. शेवटी आडवं निजवून छातीच्या हाडाच्या टोकाखाली दोन बोटांनी हलकेच दाबतात. या जागेला म्योंगची म्हणतात. माझ्या पहिल्या भेटीत तिथे बोट टेकताच मी कळवळले होते, आणि घरी तर मी "मला पचनाचा काहीच त्रास नाही" असं छातीठोकपणे सांगत असे.

हेच सगळं आठवडाभर वहीत लिहायचं : काय खाल्लं, किती वाजता, किती वेळात, जेवल्यावर कसं वाटलं, शौच, घाम, झोप. फोनमधल्या कॅलरीच्या ॲपमध्ये यातलं निम्मं मावत नाही, म्हणून वही बरी.

नेहमीची चूक : वही सुरू केली की लोक त्याच दिवसापासून कमी खायला लागतात. मग वहीत तुम्ही दिसतच नाही, कुणीतरी शहाणं माणूस दिसतं.

तपासा : सातव्या दिवशी वही उघडा. दिवसाचं अर्ध्याहून जास्त खाणं संध्याकाळी सातनंतर होत असेल, तर टप्पा ३ वर सगळ्यात जास्त वेळ द्या. जेवणं दहा मिनिटांत उरकत असतील तर टप्पा ४ वर.

## टप्पा २ : आपला प्रकार ओळखा, पण त्यावर अडून बसू नका

ई जे-मा (१८३७ ते १९००) या वैद्याने माणसांचे चार प्रकार मांडले. त्याचा अंदाज असा होता, की दहा हजारांच्या गावात पाच हजार तेउम, तीन हजार सोयांग, दोन हजार सोउम आणि तेयांग जेमतेम तीन-चार ते दहा सापडतील. म्हणजे ऑनलाइन चाचणीने तुम्हाला तेयांग ठरवलं, तर चाचणी चुकली असण्याचीच शक्यता जास्त.

तेउम माणूस आडव्या बांध्याचा, कमरेत भरलेला, भूक चांगली. याचंच वजन सहज वाढतं. सोयांग छाती-खांद्यात भरलेला, चपळ, उष्ण, भरभर खाणारा. सोउम वरून नाजूक, हातपाय गार, थोडं जास्त खाल्लं की पोट बिघडणारा.

यातली रोजच्या कामाची गोष्ट म्हणजे प्रत्येक प्रकाराची बरं असण्याची खूण. तेउम माणसाला घाम मोकळा आला की तो बरा आहे. सोयांगला शौच साफ झाली की, सोउमला अन्न नीट पचलं की. वजन उतरताना ही खूण बिघडली, तर काट्यावर कितीही छान आकडा दिसला तरी काहीतरी चुकतंय असं समजायचं.

नेहमीची चूक : आपले वाचक लगेच तेउम म्हणजे कफ, सोयांग म्हणजे पित्त अशी जोडी लावतात आणि मग आयुर्वेदाचं पथ्य चालू करतात. दोन्हींचा पाया वेगळा आहे. ई जे-माची विभागणी फुप्फुस, यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड यांतलं कोणतं जोरदार आणि कोणतं कमजोर यावर आणि स्वभावावर उभी आहे. शिवाय ही परंपरेची वर्गवारी आहे. रक्त तपासून ती कळत नाही, आणि दोन हानिसा दोन वेगवेगळे प्रकार सांगू शकतात. प्रकार नक्की होत नसेल तर तसंच पुढे चला, पुढचे टप्पे त्यावाचून अडत नाहीत.

## टप्पा ३ : संध्याकाळचं जेवण आधी हलवा

हो जुन या राजवैद्याचा 'डोंगुइबोगाम' हा ग्रंथ १६१३ मध्ये छापला गेला. त्यात दिवसाचं म्हणून एकच पथ्य दिलंय : संध्याकाळी पोटभर जेवू नये. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

१. पहिले तीन दिवस जेवणाची फक्त वेळ बदला, प्रमाण तेच ठेवा. झोपण्याआधी तीन तास, शक्य असेल तर सातच्या आत.
२. चौथ्या दिवसापासून रात्रीचं ताट दोन तृतीयांश करा. कमी करायचं ते भात आणि तळलेलं. भाजी कमी करू नका.
३. सकाळचं खाणं अजिबात बंद करू नका. सकाळ आणि रात्र दोन्ही एकदम कापणारे आठव्या दिवशी मध्यरात्री फ्रीजसमोर उभे असतात.

जेवून झाल्यावर त्याच ग्रंथातली दुसरी सूचना पाळा : पोटावरून हात फिरवत राहा आणि सावकाश काहीशे पावलं चाला. आपल्या घरात याला शतपावली म्हणतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आजीची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं.

कोरियात नोकरी करणाऱ्यांना इथे होएशिक आडवं येतं, म्हणजे ऑफिसचं एकत्र जेवण. ते टाळता येत नाही, पण सावरता येतं. भाजलेलं मांस किंवा टोफू लेट्यूसच्या पानात गुंडाळून खा, सोबतच्या पालेभाज्या दोनदा मागा. मांस संपल्यावर थंड नूडल्स किंवा तव्यावर परतलेला भात येतो, तो घेऊ नका. पोट भरल्यानंतरचं हे दुसरं जेवण असतं. आणि दुसऱ्या फेरीला, ज्याला इचा म्हणतात, जाऊ नका.

तपासा : सकाळी उठल्यावर खरी भूक लागते का? सातपैकी निदान चार सकाळी लागली, तर पुढे जा. नाहीतर अजून एक आठवडा इथेच.

## टप्पा ४ : साठलेलं मोकळं करा

आधीचं पचायच्या आत वर आणखी पडत गेलं की पोटात साठून राहतं, अशी कल्पना आहे. त्याला शिकजॉक म्हणतात. कोरियन माणूस रोजच्या बोलण्यातही "चेहेस्सो" म्हणतो, म्हणजे अन्न अडकलं. आपण 'अन्न अंगावर आलं' म्हणतो त्याच्या जवळचं. पोट असं तुंबलेलं असताना खाणं कापलं तर गळाल्यासारखं होतं, चिडचिड होते आणि गोडावर वासना जाते. म्हणून ताट आणखी कमी करण्याआधी हे पाच दिवस.

पाच दिवस मैदा, तळलेलं, बर्फाचं, कच्चं आणि दारू बंद. जेवण गरम, मऊ, साधं : तांदळाची पेज (जुक), मुळ्याचं सूप, वाफवलेला भोपळा, टोफू, उकडलेलं अंडं. उपाशी राहायचं नाही. तीन वेळा जेवायचं.

मुळ्याचं सूप, मुगुक, असं करतात. कोरियन मुळा आखूड, जाड, डोक्याकडे हिरवट आणि चवीला गोडसर असतो. पाव किलो मुळ्याचे बोटाएवढ्या जाडीचे तुकडे करा. चमचाभर तिळाच्या तेलात मंद आचेवर परता. कडा पारदर्शक दिसायला लागल्या की चार कप पाणी, तळहाताएवढा दाशिमाचा (वाळलेल्या समुद्री केल्पचा) तुकडा आणि ठेचलेली लसणाची पाकळी घाला. उकळी आल्यावर दहा मिनिटांत दाशिमा काढून घ्या, जास्त राहिला तर सूप बुळबुळीत होतं. मुळा चमच्याने सहज तुटेपर्यंत शिजवा. शेवटी सूपचा सोयासॉस, एकच चमचा. कोरियात मुळा पाचक मानतात आणि तेउम माणसाला विशेष मानवतो म्हणतात.

शाकाहारी वाचकांनी लक्षात ठेवा : बाहेरच्या बहुतेक सूपचं पाणी सुकटीचं किंवा गोमांसाचं असतं, आणि किमचीत सहसा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. दाशिमाचं पाणी घरी करणं हाच सोपा उपाय.

भात सूपमध्ये कालवून खाऊ नका. चावायचं राहून जातं आणि वाटीभर भात चार मिनिटांत संपतो. घास घेतला की चमचा खाली ठेवायचा, जेवण वीस मिनिटं चालायला हवं.

थांबा : चक्कर, थरथर किंवा घाम फुटला तर हा टप्पा लगेच सोडा आणि नेहमीचं जेवा.

तपासा : पाचव्या दिवशी आडवं होऊन म्योंगचीवर दोन बोटांनी हलकं दाबा. पहिल्यापेक्षा मऊ लागतं का? शौच साफ आहे का? दुखणं तसंच असेल, किंवा जेवणानंतर रोज दुखत असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा. पित्ताशयाचे खडे किंवा अल्सरही असू शकतो.

## टप्पा ५ : ताट

इथे महिना-दोन महिने राहायचं आहे, म्हणून हे सवयीचं व्हायला हवं.

कोरियन ताटात भात, सूप आणि भाज्या असतात. बदलायचा तो क्रम. आधी नामुल, म्हणजे वाफवून तीळतेलात कालवलेल्या पालेभाज्या, मोड आलेलं सोयाबीन, समुद्री शेवाळ. मग टोफू, मासा किंवा अंडं. भात शेवटी. दुकानात मिळणारा तयार भाताचा नेहमीचा डबा २१० ग्रॅमचा असतो, साधारण ३०० किलोकॅलरी. पहिल्या दोन आठवड्यांत त्यातला एक तृतीयांश बाजूला काढा. नंतर उरलेल्या भातात निम्मे जव किंवा डाळी मिसळा.

सोउम प्रकारच्या माणसाने इथे जरा बेताने. जव, बकव्हीटचे थंड नूडल्स, कच्ची सॅलडं कोरियन वैद्यक थंड धरतं. अशा माणसाने साधा भात थोडा, पण गरम खावा, आल्याचा चहा घ्यावा, आणि जवाच्या चहाऐवजी सुंगन्युंग प्यावं. भांड्याच्या तळाशी लागलेल्या भाताच्या खरपुडीत पाणी उकळून ते करतात. सोयांगला याच्या उलट जव, काकडी, पालेभाज्या मानवतात, मिरची-आलं-जिनसेंग नाही.

नेहमीची चूक : "कोरियन जेवण हलकं असतं" म्हणून सूप, किमची आणि लोणची भरपूर खाणं. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम आहे आणि दोन वाट्या सूप प्यायलं तर तिचा मोठा भाग तिथेच संपतो. अंगावर पाणी धरतं, काटा हलत नाही, माणूस निराश होतो. सूपमधले तुकडे खा, पाणी अर्धं ठेवा.

दुसरी चूक मिसुगारूची. आपल्या सातूच्या पिठासारखं हे भाजलेल्या धान्यांचं पीठ. पाण्यात कालवून ठीक आहे, पण कॅफेतल्या मोठ्या ग्लासात साखर आणि दूध घालून ते जेवणाइतकं जड होतं.

तपासा : आठवड्याला अर्धा ते एक किलो. त्याहून वेगाने उतरत असेल तर भात थोडा वाढवा, कौतुक करून घेऊ नका.

## टप्पा ६ : सकाळची सूज

हा टप्पा फक्त ज्यांचा चेहरा सकाळी सुजतो, अंगठी घट्ट होते त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी सोडून द्या.

पात म्हणजे अझुकी, बारीक लाल कडधान्य. १०० ग्रॅम पात धुऊन उकळा, उकळी आल्यावर पाच मिनिटांनी ते पाणी ओतून द्या. लोक नेमकी हीच पायरी गाळतात. पहिल्या पाण्यात कडवटपणा असतो आणि त्याने पोट ढाळतं. मग दीड लिटर नवं पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवा आणि गाळा. साखर-मीठ काहीही नको. दिवसाला दोन कप, दुपारपर्यंत. शिजलेले दाणे भातात घाला.

युलमु हे धान्यही सुजेसाठी देतात, पण यंत्रातून मिळणारा युलमुचा चहा गोड पावडरीचा असतो, त्याने काही उतरत नाही. गरोदरपणात युलमु परंपरेनेच वर्ज्य आहे. बाळंतपणानंतर सुजेसाठी पिकलेल्या भोपळ्याचा रस देतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी घेऊ नये.

थांबा : पाय दाबल्यावर खड्डा पडत असेल किंवा दम लागत असेल, तर ते पातच्या पाण्याने बरं होणारं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

## टप्पा ७ : काढा, आणि तो कुणाला नको

वजनासाठी प्रसिद्ध असलेला काढा म्हणजे तेउमजोवीतांग. त्यात युलमु, वाळलेलं चेस्टनट, मुळ्याचं बी आणि माह्वांग असतं. माह्वांग म्हणजे इफेड्रा. भूक मरते ती मुख्यतः त्यातल्या इफेड्रिनमुळे, आणि हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात तेही त्याचमुळे. अमेरिकेने २००४ मध्ये इफेड्राच्या पूरक आहारांवर बंदी घातली. स्पर्धेत खेळणाऱ्यांसाठी इफेड्रिन ठरावीक पातळीच्या वर निषिद्ध आहे. कोरियात माह्वांग खाद्यपदार्थात वापरता येत नाही, हानिसाने लिहून दिल्यावरच मिळतं.

माझी चूक इथली. कोरियात आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी एका दवाखान्यातून थेट काढ्याच्या पिशव्या आणल्या. मला कॉफीबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रोज दोन मोठे ग्लास थंड अमेरिकानो चालू होते. भर हिवाळ्यातही बर्फाची कॉफी पिणाऱ्यांना इथे ऑलजुगा म्हणतात, मी त्यांतलीच झाले होते. तिसऱ्या रात्री दोन वाजता उठून बसले, गळ्याशी ठोके जाणवत होते, तोंड कोरडं, हात थरथरत होते. दोन रात्री झोप नाही. काढा बंद केल्यावर बरं वाटलं, पण गेलेली भूक दुप्पट होऊन परतली.

म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड वाढलेलं असणं, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, नैराश्यावरची औषधं यांतलं काहीही असेल तर माह्वांग नको. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोइफेड्रिन असतं, तेही सोबत नको. बाकीच्यांनी हानिसाला हे विचारायचं : यात माह्वांग आहे का, दिवसाला किती ग्रॅम, शेवटचा डोस किती वाजता, किती आठवडे, आणि बंद कसा करायचा. उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका. वजनासाठीचा काढा कोरियाच्या आरोग्यविम्यात बसत नाही, सगळा खर्च स्वतःचा असतो, म्हणून विचारायला लाजू नका.

भारतातल्या वाचकांसाठी : 'कोरियन स्लिमिंग टी' म्हणून ऑनलाइन जे मिळतं त्यावर घटक वाचा. सोनामुखी असेल तर ते फक्त जुलाब आहेत, चरबी तशीच राहते. घटकच लिहिले नसतील तर घेऊच नका. अशा उत्पादनांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध लपवलेलं सापडलं आहे, आणि त्या औषधावर भारतात २०११ पासून बंदी आहे. इकडून काढ्याच्या पिशव्या बॅगेत घालून आणायलाही कुणाला सांगू नका, इफेड्रिन भारतात नियंत्रित पदार्थ आहे.

## टप्पा ८ : बोशिक, म्हणजे परतीचं जेवण

खाणं कमी केल्यानंतर पुन्हा वाढवण्याच्या काळाला बोशिक म्हणतात. वजन परत चढतं ते बहुतेक इथेच, कारण लक्ष्य गाठलं की लोक त्याच रविवारी बिर्याणी मागवतात.

जितके दिवस प्रमाण कमी ठेवलं, निदान तितके दिवस वाढवायला द्या. पहिल्या आठवड्यात भात दोन चमचे वाढवा, बाकी तेच. दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या जेवणात फळ किंवा सुकामेवा. तिसऱ्या आठवड्यात तळलेलं एकदा, दुपारी. रात्रीचं जेवण वाढवायचं ते सगळ्यात शेवटी, आणि सातची वेळ तशीच ठेवायची. काढा घेत असाल तर तो बोशिक सुरू होण्याआधी हानिसाच्या सल्ल्याने हळूहळू संपवा. दोन्ही एकदम केलं तर भूक कशाने वाढली तेच कळत नाही.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी शौचानंतर करा आणि वहीत लिहा. सलग दोन आठवडे किलोभर वर गेलं तर टप्पा ५ वर नाही, टप्पा ३ वर परत जा. रात्रीची वेळ कुठे सरकली ते बघा. माझ्या वहीत दरवेळी तीच सरकलेली सापडली आहे.